म्हणे

मराठीत ‘म्हणे’ हा एक मोठा सोयीचा शब्द आहे. वाक्याच्या शेवटी तो अलगद ठेवून दिला की बोलणारा मोकळा होतो. ‘धाकट्याने बैल विकले म्हणे.’ विकले असतील तर बातमी सगळ्यांच्या आधी मी आणली. विकले नसतील तर मी कुठे म्हणालो, लोक म्हणत होते! आमचे किनवट तेलंगणाच्या शिवेवर आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यातच होता. त्यामुळे बाजारात मराठीच्या जोडीने तेलुगू कानावर येतेच. तेलुगू माणसाला तर या कामासाठी वेगळा शब्दही खर्चावा लागत नाही. क्रियापदाच्या शेपटीला नुसता ‘ट’ लावला की भागते. ‘वच्चाडु’ म्हणजे आला, आणि ‘वच्चाडट’ म्हणजे आला म्हणे. एवढ्याशा ‘ट’च्या आड अख्खे गाव लपून बसते.

दिवाळी हा तर या शब्दाचा हंगाम. माहेरवाशिणी आलेल्या असतात, चकलीचा घाणा कढईत असतो, आणि वर्षभराची साठलेली ‘म्हणे’ एकेक करून बाहेर पडत असतात. कुणाचे लग्न मोडले म्हणे, कुणाचा मुलगा पुण्यात घर घेतोय म्हणे. मला स्वतःला हे सारे ऐकायला आवडते. कादंबऱ्या लिहिणाऱ्याचा धंदाच त्यावर चालतो. खोटे कशाला बोलू, माझ्या निम्म्या पात्रांचा जन्म असल्याच एखाद्या ‘म्हणे’तून झालेला आहे.

पण या शब्दाला जिथे दारातच अडवतात अशी एक जागा आहे, आणि शाळेला सुट्टी असली की मी तिथे जाऊन बसतो. ती जागा म्हणजे कोर्ट. एकदा मारहाणीचा एक खटला चालला होता. बांधावरून भांडण, काठी, फुटलेले डोके, टाके. आमच्याकडचा नेहमीचाच प्रकार. साक्षीला एक म्हातारबा उभे होते. डोक्याला पटका, अंगात धुतलेले शर्ट, आणि चेहऱ्यावर खरे बोलायला आल्याचा पक्का निर्धार. आरोपीच्या वकिलांनी गोडीने विचारले,

“आजोबा, काठी मारताना तुम्ही स्वतः पाहिलं का?”

“न्हाई.”

“मग काठी कुणी मारली हे तुम्हाला कसं ठाऊक?”

“कसं म्हंजे? मला माझ्या सुनंनं सांगितलं.”

“सूनबाई तिथं हजर होत्या?”

“न्हाई जी. तिला पान्याला गेल्यावर बायांनी सांगितलं.”

कोर्टात थोडे हसू पिकले. वकील खाली बसले. म्हातारबांची साक्ष संपली. बाहेर लिंबाखाली ते मला भेटले तेव्हा फार दुखावलेले होते. “मास्तर, म्या काय खोटं बोललो का वो? सुनंनं सांगितलं का न्हाई सांगितलं? सांगितलं ना? मंग माझं खरं कामून धरलं न्हाई?”

मला त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नाने बरेच दिवस सोडले नाही. कारण त्याचे म्हणणे बरोबरच होते. सुनेने सांगितले, ही गोष्ट त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलेली होती. तेवढ्यापुरता तो अगदी अस्सल साक्षीदार होता. पण काठी कुणी मारली, याचा मात्र तो साक्षीदार नव्हता. सांगितल्याचा पुरावा वेगळा आणि घडल्याचा पुरावा वेगळा. आपल्याकडे जुनी माणसे म्हणत की खऱ्याखोट्यात चार बोटांचे अंतर, म्हणजे डोळा आणि कान यांच्यामध्ये असते तेवढे. १८७२ च्या पुरावा कायद्यातल्या साठाव्या कलमात हेच सांगितले होते. पाहण्याची गोष्ट असेल तर पाहणाऱ्याने सांगावी, ऐकण्याची असेल तर ऐकणाऱ्याने. १ जुलै २०२४ पासून तो कायदा जाऊन भारतीय साक्ष अधिनियम आला आहे आणि साठाचे पंचावन्न झाले आहेत, पण चार बोटे तिथेच आहेत.

हा नियम कोरडा वाटतो खरा, पण तो नसता तर काय होते हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात बाजारच्या दिवशी भिक्षा मागायला आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे जमावाने ठेचून मारली. गुन्हा काय? मुले पळवणारी टोळी आली आहे म्हणे! मोबाईलवरून आलेली ती अफवा कुणीही चार बोटांनी मोजून पाहिली नाही. कोर्टात असते तर एका वकिलाने विचारले असते, ‘तुम्ही स्वतः पाहिलं का?’ आणि सारा जमाव त्या म्हातारबांसारखा गप्प राहिला असता. तेव्हा ऐकीव गोष्टीला उंबऱ्याबाहेर ठेवणारा कायदा मला शहाणाच वाटतो.

माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती सांगण्यासाठी मला आमच्या मुलखातून थोडे पूर्वेला जावे लागेल. यवतमाळ, चंद्रपूर ओलांडून वैनगंगेच्या खोऱ्यात देसाईगंज आहे. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे. १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यात होते. तिथल्या पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री जे घडले, त्याचा खटला दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि देशभर गाजला. त्या मुलीचे नाव कायद्याच्या सगळ्या पुस्तकांत छापलेले आहे. अत्याचार झालेल्या बाईचे नाव छापू नये असा कायदा १९८३ साली झाला, तो याच खटल्यानंतर उठलेल्या गदारोळातून. म्हणजे ज्या मुलीमुळे इतर बायकांची नावे झाकली गेली, तिचे स्वतःचे नाव मात्र उघड्यावर राहिले. मी ते इथे लिहीत नाही.

मुलगी आदिवासी, आईबापाविना वाढलेली, मोलमजुरी करणारी. डॉक्टरांनी वय चौदा ते सोळा सांगितले. ज्या बाईच्या घरी ती कामाला जात होती, तिच्या भाच्याशी तिचे जुळले होते, आणि दोघे लग्न करणार होते. भावाला ते पसंत नव्हते. बहिणीला फूस लावून पळवले अशी त्याने पोलिसांत वर्दी दिली. म्हणून त्या रात्री सगळ्यांना ठाण्यावर आणले. जबाब झाले, रात्रीचे साडेदहा वाजले, ठाण्याचे प्रमुख घरी गेले, आणि बाकीचे निघाले तेव्हा एका कॉन्स्टेबलाने मुलीला तेवढी थांबवून घेतली. बाकीच्यांना बाहेर जायला सांगितले. दार बंद झाले, दिवे मालवले. बाहेर भाऊ, ती बाई आणि इतर माणसे ताटकळत उभी. संशय आला, हाका सुरू झाल्या, लोक जमले. दुसरा एक हेडकॉन्स्टेबल बाहेर येऊन म्हणाला, ती तर केव्हाच गेली. आणि थोड्याच वेळात मुलगी त्याच दारातून बाहेर आली. दारातच तिने आपल्या भावाला आणि त्या बाईला सांगितले की कॉन्स्टेबलाने आपल्यावर बळजबरी केली.

वाचकहो, सणासुदीच्या अंकात हा विषय कशाला, असे कुणाला वाटेल. पण घरात मुली आहेत आणि दिवाळीला त्याही हा अंक वाचणार आहेत, म्हणूनच तो इथे असावा असे मला वाटते.

आता आमच्या म्हातारबांची कसोटी लावून पाहा. बंद दाराआड काय झाले हे भावाने पाहिलेले नव्हते. ते फक्त दोन पोलिसांना आणि त्या मुलीला ठाऊक. पण बाहेर पडल्याबरोबर ती काय बोलली, हे भावाने आणि त्या बाईने स्वतःच्या कानांनी ऐकलेले होते. पाणवठ्यावरून फिरत आलेली ही गोष्ट नव्हती. बोलणारी समोर होती, घटना नुकतीच घडलेली होती, आणि तीच मुलगी पुढे कोर्टात उभी राहून तेच सांगणार होती. असे ताबडतोब काढलेले उद्गार नुसते ऐकीव म्हणून टाकून देत नाहीत. बोलणाऱ्याच्या साक्षीला त्यांची पुष्टी मिळते. या बाबतीत आमच्या विदर्भाशी नाते असलेल्या एका न्यायमूर्तींचे नाव घेतले पाहिजे. व्हिव्हियन बोस हे नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९५१ मध्ये राजस्थानातल्या एका आठ वर्षांच्या मुलीचा खटला त्यांच्यापुढे आला. घटनेनंतर साधारण चार तासांनी तिने आईला सारे सांगितले होते. आईने काही पाहिलेले नव्हते. तरीही मुलीने तेव्हा आईजवळ बोललेले शब्द तिच्या साक्षीला बळ देतात, असा निकाल बोस यांनी लिहिला. आणि अशा मुलीच्या साक्षीला दुसऱ्याचा आधार हवाच, हा कायद्याचा हुकूम नसून फक्त सावधगिरीचा भाग आहे, हेही त्यांनी स्पष्ट केले. मॅट्रिकपुरते शिक्षण असलेल्या माझ्यासारख्याला एका वकील मित्राने तो निकाल वाक्यावाक्याने समजावून दिला. मला तो एखाद्या शहाण्या मास्तराने लिहिल्यासारखा वाटला.

देसाईगंजच्या मुलीच्या वाट्याला मात्र हे शहाणपण आले नाही. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १९७४ साली दोन्ही पोलिसांना सोडले. मुलगी धादांत खोटारडी आहे, असे मत तिथे पडले. ती दारात जे बोलली त्याचाही अर्थ उलटा लावला गेला. बाहेर जमलेले लोक चिडलेले, त्यांत तिचा होणारा नवरा. त्याच्यासमोर आपण सोज्वळ दिसावे म्हणून तिने बळजबरीची गोष्ट सांगितली असेल! तिचे आधीचे प्रेमप्रकरण तागडीत आले आणि त्याच्या वजनाने तिचा शब्द वर उचलला गेला. १९७६ मध्ये नागपूरच्या खंडपीठाने हा निकाल फिरवला. धाकापुढे निमूट होणे म्हणजे राजीखुशी नव्हे, असे सांगून एकाला पाच वर्षांची आणि दुसऱ्याला एका वर्षाची शिक्षा दिली. पुढे १५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष ठरवले. अंगावर जखमेची खूण नाही, तेव्हा झटापट झाल्याचे सांगणे खोटे, आरडाओरडही रचलेली.

हेडकॉन्स्टेबलाच्या बाबतीत न्यायालयाने जे म्हटले ते मी नाकारणार नाही. आधीच्या जबाबात जे कृत्य मुलीने कॉन्स्टेबलाच्या नावावर सांगितले होते, ते तिने कोर्टात हेडकॉन्स्टेबलाच्या नावावर टाकले. एवढ्या मोठ्या फरकाचा फायदा आरोपीला मिळाला तर कायद्याच्या दृष्टीने त्यात वावगे नाही. पण तो पहिला जबाब कुठे झाला? त्याच ठाण्यात, त्याच रात्री, बाहेरचा खवळलेला जमाव पांगवल्यावर, आरोपींच्याच सहकाऱ्याच्या हातून. वीस-बावीस वर्षे मुलांच्या तक्रारी ऐकण्यात माझे कान झिजले आहेत. मधल्या सुट्टीत मार खाऊन आलेले पोर कधीही सरळ सांगत नाही. आधी शेवट सांगते, मग सुरुवात, मधेच कुणाचे तरी नाव चुकते, आणि विचारणाऱ्याचा चेहरा पाहून ते थांबते. जे पोर चार वेळा विचारले तरी शब्दाला शब्द जुळवून तेच सांगते, त्याच्याकडे मी जरा बारकाईने पाहतो. बहुधा त्याला घरून पढवून पाठवलेले असते. साक्षीदार मोजायचे नसतात, तोलायचे असतात, असे वकील म्हणतात आणि कायद्यातही साक्षीदारांची ठराविक संख्या लागत नाही असे स्पष्ट लिहिले आहे. तोलायचे हे कबूल. पण पोलीस ठाण्याच्या अंधाऱ्या खोलीतून बाहेर आलेल्या चौदा-सोळा वर्षांच्या मजूर मुलीला तोलताना काटा कुणाच्या हातात होता, हेही पाहायला नको का?

याशिवाय आणखी एक गोष्ट असते, तिच्याकडे कुणाचे फारसे लक्ष जात नाही. कोर्टात साक्षीदार जे बोलतो ते जसेच्या तसे कागदावर उतरत नाही. वकील विचारतो, साक्षीदार उत्तर देतो, न्यायाधीश त्या प्रश्नोत्तरांचे एक सलग वाक्य करून सांगतात आणि तेच लिहिले जाते. आमच्या भागातला गोंड किंवा कोलाम माणूस घरात एक भाषा बोलतो, बाजारात दुसरी, आणि कोर्टात तिसरीत अडखळतो. त्याचे ‘असंल’ कागदावर ‘आहे’ होते, त्याचे गप्प राहणे ‘मला सांगता येणार नाही’ होते. निजामाच्या राज्यात हाच कागद उर्दूत होत असे. आमच्या आजोबांच्या पिढीची माणसे साक्षीला ‘शहादत’ म्हणत. उर्दूत त्या शब्दाचा दुसरा अर्थ हौतात्म्य असा आहे. वरच्या कोर्टातल्या न्यायमूर्तींनी तर साक्षीदाराला पाहिलेलेही नसते. ते तो कागद वाचतात. नीट विचार केला तर तो कागदही एका अर्थी ‘म्हणे’च झाला. पण याला इलाज नाही, आणि मी त्यावर रुसून बसत नाही.

रुसवा आहे तो दुसऱ्याच गोष्टीवर. ज्या पुरावा कायद्याने पुढच्या दारावर ऐकीव गोष्टीला अडवले, त्याच कायद्याने मागचे दार उघडे ठेवले होते. १५५ व्या कलमात एक पोटकलम होते. बलात्काराचा आरोप असलेल्या माणसाला त्या पोटकलमाने मुभा दिली होती की, तक्रार करणारी बाई सामान्यतः वाईट चालीची आहे असे दाखवून तिची साक्ष खोटी पाडावी. आता ‘सामान्यतः’ म्हणजे काय? एखाद्या बाईची चाल सामान्यतः कशी आहे हे डोळ्यांनी कोण पाहते? तिची चाल म्हणजे गावाने तिच्याविषयी आजवर काढलेल्या साऱ्या ‘म्हणे’ची बेरीज. पाणवठ्यावर ऐकले, सुनेने सांगितले, पानटपरीवर बोलले गेले. काठी कुणी मारली एवढ्या साध्या गोष्टीसाठी ज्या म्हातारबांना कोर्टाने खाली बसवले, त्यांनाच ‘अमकी बाई कशी आहे?’ असे विचारले असते तर त्यांचा ‘समदं गाव म्हनतं’ हा शब्द चालला असता! पुरुषाच्या डोक्यावर पडलेल्या काठीला डोळ्यांचा साक्षीदार हवा, आणि बाईच्या अब्रूवर पडणाऱ्या काठीला कानांचा पुरे. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ हे असेच चालले.

ते बदलले, आणि बदलण्याची सुरुवात देसाईगंजच्या खटल्यानेच झाली हे सांगितले पाहिजे. निकालानंतर सालभराने, १६ सप्टेंबर १९७९ ला, उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. त्या वेळी त्या आसनावर यशवंतराव चंद्रचूड होते. प्राध्यापकांनी न्यायालयाला जाहीरपणे जाब विचारावा ही गोष्ट तेव्हा नवी होती. पुढे १९८० च्या ८ मार्चला गावोगाव बायका रस्त्यावर आल्या. निकाल फिरला नाही. मुलीला स्वतःला त्यातून काही मिळाले नाही. पण १९८३ साली कायदा बदलला. पोलिसाच्या ताब्यात असताना असा प्रकार घडला, संबंध आल्याचे सिद्ध झाले, आणि बाईने ‘माझी संमती नव्हती’ असे सांगितले, तर कोर्टाने ते खरे धरून चालावे, असे ठरले. म्हणजे दारात उभी राहून ती मुलगी जे बोलली होती, त्या बोलण्याला अकरा वर्षांनी वजन आले. मागचे दार मात्र त्यानंतरही जवळजवळ वीस वर्षे उघडेच होते. १५५ मधले ते पोटकलम २००२ साल सरता सरता गेले, आणि उलटतपासणीत असले प्रश्न विचारण्यालाही बंदी आली. २०१३ मध्ये आणखी स्पष्ट करण्यात आले की बाईचे पूर्वीचे संबंध किंवा तिचे शील यांचा संमतीच्या प्रश्नाशी काही संबंध नाही. २०२४ च्या नव्या कायद्यातही ते तसेच ठेवले आहे.

बंदी आली म्हणून जीभ एका रात्रीत वळत नाही. माझे ते वकील मित्र गेल्या उन्हाळ्यात, नाव-गाव काही न सांगता, एक हकीकत सांगत होते. (ही आता माझ्या दृष्टीने ऐकीवच, वाचकांनी तेवढे वजन कमी करून घ्यावे.) अशाच एका खटल्यात, बंद दाराआड चाललेल्या सुनावणीत, एका नव्या उमेदीच्या वकिलाने साक्षीला उभ्या असलेल्या बाईला विचारलेच,

“गावात तुमच्याबद्दल लोक काय बोलतात, ते कोर्टाला सांगा.”

सरकारी वकील हरकत घ्यायला उठले. न्यायाधीशबाईंनी त्यांना हातानेच थांबवले आणि प्रश्न लिहून घेऊ नका असे कारकुनाला सांगितले. त्या वकिलाला चार शब्द सुनावलेही. तो प्रश्न कागदावर आला नाही, त्याचे उत्तरही आले नाही. पण बाईने उत्तर दिले होते.

“लोक काय बोलत्यात ते लोकायला इचारा, साहेब,” ती म्हणाली. “ते बोलत्यात तव्हा मी शेतात असते.”